टाकी ५,००० गॅलनची, म्हणजे लिटर किती?

नौपाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ठाण्यात नौपाड्यात आमची जुनी सोसायटी आहे, तळमजला अधिक चार. पावसाळ्याआधी पाण्याच्या टाक्या धुवून घ्यायच्या म्हणून कोटेशनं मागवली. टाकी धुणारे लिटरवर दर लावतात. त्यामुळे टाक्या नक्की किती लिटरच्या हा प्रश्न आला आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

कपाटातून मूळ नकाशा काढला. निळी ब्लूप्रिंट, घड्यांवर विरलेली. त्यावर गच्चीतली टाकी ५,००० गॅलन आणि जमिनीखालची १०,००० गॅलन असं लिहिलंय. लिटरचं नावही नाही. आमच्या खजिनदारांनी मोबाइलवर रूपांतर केलं: १८,९२७ अधिक ३७,८५४, एकूण ५६,७८१ लिटर. कंत्राटदाराच्या कोटेशनात मात्र ६८,००० लिटर आहेत. सव्वाअकरा हजार लिटरचा फरक! खजिनदार म्हणतात, माणूस सरळसरळ टोपी घालतोय. कंत्राटदार म्हणतो, साहेब, तुमचा आकडा कुठून आला ते मला कळत नाही, माझा बरोबर आहे.

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. कोणाचं खरं मानायचं?

ऐरोलीनिवासी

१ गॅलन = ३.७८५ लिटर. १५,००० ने गुणा. खजिनदार बरोबर. यात चर्चेसारखं काय आहे?

तलावपाळी

इतक्यात कुलूप लावू नका.

गॅलन दोन आहेत. अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा, आणि ब्रिटिशांचा, ज्याला इंपिरियल म्हणतात, तो ४.५४६ लिटरचा. आपल्याकडच्या जुन्या नकाशात, जुन्या पंपाच्या पाटीवर, पाणीखात्याच्या जुन्या कागदात गॅलन दिसला की तो साहेबाचाच. अमेरिकेचा गॅलन नौपाड्यात यायला कारणच नव्हतं. मोबाइलला हे कोण सांगणार? त्याला नुसतं 'गॅलन' म्हटलं की तो अमेरिकेचाच धरतो.

पण अंदाजाने बोलायची गरज नाही, ताडून बघता येतं. नकाशात टाकीची लांबी, रुंदी, खोली फुटात असेल. ती इथे द्या.

नौपाडेकर

आहे काका. गच्चीतली १६ फूट बाय १० फूट, पाण्याची खोली ५ फूट. खालची २० बाय १६, खोली तीच, ५ फूट.

तलावपाळी

मग झालं की काम.

१६ × १० × ५ = ८०० घनफूट. मी ज्या ओव्हरसियरच्या हाताखाली शिकलो तो टाकीचे घनफूट काढून सरळ सव्वासहाने गुणायचा. ८०० गुणिले सव्वासहा किती? बरोब्बर ५,०००. खालची १,६०० घनफूट, तिचे १०,०००. ज्याने हा नकाशा काढला त्याच्या डोक्यात कुठला गॅलन होता हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. अमेरिकेचा असता तर घनफुटाला ७.४८ गॅलन पडतात. गच्चीतल्या टाकीवर त्याने ६,००० लिहिलं असतं.

हा सव्वासहा आकाशातून पडलेला नाही. एक घनफूट पाणी साधारण साडेबासष्ट पौंड भरतं आणि १८२४ च्या ब्रिटिश कायद्यात गॅलनची व्याख्याच मुळी '१० पौंड पाणी मावेल एवढं माप' अशी होती. बासष्ट पूर्णांक पाच भागिले दहा. बारीक हिशेब केला तर ६.२३ येतो, पण टाकीच्या कामाला तेवढं कोण बघतो? अमेरिका तोवर स्वतंत्र होऊन बसली होती. तिने राणी ॲनच्या वेळचा, १७०७ चा वाइनचा गॅलन, २३१ घनइंचाचा, तसाच ठेवला. लंडनने मागाहून माप बदललं म्हणून त्यांनी का बदलावं!

तेव्हा कंत्राटदार टोपी घालत नाहीये. निदान या बाबतीत तरी नाही.

तोंडी हिशेबाला एक सोपा उपाय. साहेबाच्या गॅलनला साडेचारने गुणायचं. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ असेल तर तीच वापरा आणि मूळ आकडा एकदा मिळवा. पाच औटे साडेसतरा, अधिक पाच, साडेबावीस. म्हणजे साडेबावीस हजार लिटर. खरं उत्तर २२,७३०. चुकून चुकून शेकड्याला एक चुकेल.

ऐरोलीनिवासी

औटकी! माझ्या आजोबांनंतर आज ऐकली.

पण काका, दशमान पद्धत तर पन्नासच्या दशकातच आली ना? इमारत त्यानंतरची असणार. मग नकाशात गॅलन कसे?

तलावपाळी

कायदा १९५६ चा. अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, आणि १९६२ पर्यंत बाजारात किलो-लिटर सक्तीचे झाले. वाण्याची मापं तपासायला इन्स्पेक्टर यायचा, नकाशा काढणाऱ्याच्या फूटपट्टीला कोण हात लावणार? माझ्या टेबलावर सत्तरच्या दशकातही फुटांचेच नकाशे यायचे. आज घोडबंदर रोडला टॉवर विकणारा कार्पेट एरिया फुटातच सांगतो की नाही, बघा.

दिवा_लोकल

दशमान पद्धतीचे खरे पाईक म्हणजे बारवाले. ३०, ६०, ९०, १८०, ७५०. कोणी गॅलनमध्ये मागत नाही आणि कोणाचा हिशेब चुकत नाही.

फक्त बिअरमध्ये घोळ आहे. इथे पाइंट मागितली की ३३० मिलीची बाटली येते. लंडनला पाइंट म्हणजे ५६८ मिली, अमेरिकेत ४७३. म्हणजे आपण पाइंटच्या नावाखाली काय पितोय?

तलावपाळी

पाइंट हा गॅलनचा आठवा भाग, दोन्हीकडे. गॅलन वेगळा म्हणून पाइंट वेगळा. तुमचा ३३० कुठल्याच हिशेबात बसत नाही. आमच्या लहानपणी गावाकडे 'नवटाक' म्हणायचे, शेराचा आठवा भाग. तो तेलाचाही असायचा आणि तुम्ही म्हणताय त्याचाही. दारूच्या गुत्त्यावर नवटाक आणि पावशेर हे शब्द शेर गेल्यावरही बरीच वर्षं टिकले.

दिवा_लोकल

काका, एकदा बसूया. (दिवा घ्या.)

तळोजा_सेकंड_शिफ्ट

तलावपाळी काकांचं 'अमेरिकेचा गॅलन इथे यायला कारण नव्हतं' हे नकाशापुरतं खरं. आता तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

ज्यांच्याकडे आरओचा फिल्टर आहे त्यांनी सर्व्हिसवाला येईल तेव्हा मेंब्रेनवरचं लेबल वाचा. ७५ जीपीडी, ८० जीपीडी, १०० जीपीडी असं काहीतरी छापलेलं असतं. जीपीडी म्हणजे दिवसाला गॅलन, आणि हा गॅलन अमेरिकेचा. ७५ ला ३.७८५ ने गुणा, २८४ लिटर दिवसाला. चोवीसने भागा, तासाला पावणेबारा लिटर. तुमच्या फिल्टरच्या खोक्यावर 'ताशी १२ लिटर' किंवा थोडं जास्त लिहिलेलं असतं ते इथून येतं. हाच हिशेब इंपिरियलने केलात तर तासाला चौदाच्या वर जाईल आणि मग 'मशीन कमी पाणी देतंय' म्हणून तक्रार कराल.

शिवाय हा आकडा ठरावीक दाब आणि ठरावीक तापमान धरून दिलेला असतो. जानेवारीत पाणी गार असतं तेव्हा धार बारीक होते, त्यात बिघाड काही नाही.

म्हणजे नौपाडेकरांच्या इमारतीत गच्चीवर इंग्रज आणि किचनमध्ये अमेरिकन, पाणी एकच.

आमच्या कारखान्यातही रोज हीच गंमत चालते. न्हावाशेवाहून येणारा लोखंडी ड्रम कागदावर '५५ गॅलन' असतो, तो अमेरिकेचा, म्हणजे २०८ लिटर. रिकामा होऊन भंगारात गेला की तोच '२०० लिटरचा ड्रम' म्हणून सोसायट्यांना विकला जातो. आणि बातम्यांत कच्चं तेल 'बॅरल'मध्ये मोजतात तो बॅरल वेगळाच, ४२ अमेरिकन गॅलन, १५९ लिटर. ड्रमला बॅरल म्हणणाऱ्या नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हे सांगतो. स्टॉकच्या रजिस्टरमध्ये ४९ लिटरचा खड्डा पडतो नाहीतर, दर ड्रममागे.

बेलापूरची_मैना

आमच्या आरओचं झाकण उघडून बघितलं. ८० जीपीडी! हिशेबाने ताशी साडेबारा लिटर. आता माझा प्रश्न, हेही मापाचंच दुखणं.

नणंद न्यू जर्सीला असते. तिने बासुंदीचं प्रमाण पाठवलंय: अर्धा गॅलन होल मिल्क, एक पाइंट हाफ अँड हाफ, १४ औंसाचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, पाव कप साखर. अर्धा गॅलन १.८९ लिटर, पाइंट ४७३ मिली, हे वरच्या प्रतिसादांवरून काढलं. १४ औंस म्हणजे २९.५७ ने गुणून ४१४ मिली ना? आणि कप कुठला धरू? माझ्याकडे स्टेशनजवळून घेतलेला कपांचा सेट आहे.

औषधवाला_कळवा

मैनाताई, थांबा. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावरचे १४ औंस हे वजनाचे आहेत, मापाचे नाहीत. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम. १४ औंस म्हणजे ३९७ ग्रॅम. आपल्याकडचा ४०० ग्रॅमचा डबा घ्या आणि पुढे चला. कंडेन्स्ड मिल्क पाण्यापेक्षा बरंच जड असतं, त्यामुळे ३९७ ग्रॅमचं माप केलं तर ३०० मिलीच्या आसपासच भरेल. ४१४ मिली ओतलंत तर बासुंदीऐवजी पेढे होतील.

औंस हा शब्द दोन्हीकडे वापरतात, हीच त्याची खोड. द्रव पदार्थाचा औंस वेगळा, तोही दोन देशांत दोन: अमेरिकेत २९.५७ मिली, ब्रिटनमध्ये २८.४१. आणि उलटं बघा, ब्रिटिश गॅलन मोठा पण औंस लहान. कारण त्यांच्या गॅलनमध्ये १६० औंस, अमेरिकेच्यात १२८. त्यांचा पाइंट २० औंसांचा, अमेरिकेचा १६.

कपाचं उत्तर: अमेरिकेचा कप ८ औंसांचा, २३७ मिली, पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५०. तुमच्या सेटच्या दांड्यावर किंवा तळाला काय कोरलंय ते बघा, आपल्याकडे २४० आणि २५० दोन्ही विकले जातात. बासुंदीला १० मिलीने काही होत नाही. टेबलस्पूनमध्ये मात्र लक्ष ठेवा. अमेरिकेचा सुमारे १५ मिली, ऑस्ट्रेलियाचा २०. बेकिंग पावडरमध्ये हा फरक जाणवतो.

आता विषय निघालाच आहे तर दुकानात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. लहान मुलांचं औषध घरातल्या चमच्याने देऊ नका. 'एक चमचा' म्हणजे ५ मिली असं डॉक्टर धरतात, पण आपल्या घरातले चहाचे, पोह्यांचे, भाजीचे चमचे कोणत्याही मापाचे नसतात. बाटलीबरोबर येणारी टोपी किंवा सिरिंज वापरा.

दुसरं, बाळाच्या दुधाच्या पावडरचं. परदेशातून पाहुणे डबे आणतात. तिकडच्या बहुतेक डब्यांत आतला चमचा दोन औंस, म्हणजे ६० मिली पाण्याला एक असा असतो. इथल्या बऱ्याच डब्यांत ३० मिलीला एक. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात घातला की दूध एकतर दुप्पट घट्ट होतं नाहीतर निम्मं पातळ. दोन्ही बाळाला वाईट. ज्या डब्याची पावडर त्याच डब्याचा चमचा, आणि त्याच डब्यावरचं प्रमाण.

बेलापूरची_मैना

दादा, कंडेन्स्ड मिल्कचं सांगितलंत ते फार बरं केलंत. पावडरचं शेजारच्या घरी लगेच सांगते, त्यांच्याकडे दोन्ही डबे आहेत.

सेटवर काहीच कोरलेलं नाही हो.

औषधवाला_कळवा

मग किचनच्या काट्यावर ठेवा. रिकामा कप ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. आपल्या हवेत लिटरभर पाणी ९९६ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे कपाला एक ग्रॅमचा फरक, तो सोडून द्या. कुठल्याही अनोळखी मापाला हाच इलाज.

गोखले_रोड

किराणा दुकानातून लिहितोय. ग्रॅम तेवढे मिली हे पाण्याचं, तेलाचं नाही! दिवाळीला दरवर्षी या एका गोष्टीवरून गिऱ्हाईक भांडतं.

खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटरच्या पाऊचवर '९१० ग्रॅम' छापलेलं असतं ते म्हणूनच. आता मोठा डबा बघा. १५ लिटरचा आणि १५ किलोचा, दोन्ही येतात, दिसायला सारखेच. १५ लिटरमध्ये तेल भरतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या जवळपास. दीड लिटरचा फरक आहे राव! गिऱ्हाईक नुसतं '१५ चा डबा कितीला' विचारतं आणि समोरच्या दुकानात १०० रुपये स्वस्त म्हणून तिकडे जातं. डब्यावर किलो आहे की लिटर ते वाचा, मग भाव करा.

ऐरोलीनिवासी

लिटर-किलोवरून आठवलं. १९८३ साली कॅनडात एक बोइंग ७६७ हवेत असताना इंधन संपून बंद पडलं होतं. कॅनडा तेव्हा नुकताच मेट्रिककडे वळत होता. टाकीत ७,६८२ लिटर इंधन शिल्लक होतं, प्रवासाला २२,३०० किलो हवं होतं. लिटरचे किलो करायला गुणायचं होतं ०.८ ने, पण जमिनीवरच्या लोकांनी १.७७ ने गुणलं. तो आकडा लिटरचे पौंड करण्याचा. त्यामुळे कागदावर ६,००० च्या जागी साडेतेरा हजार किलो शिल्लक दिसलं. २०,००० लिटर भरायला हवं होतं तिथे ४,९१६ लिटर भरून विमान उडालं. पायलटला ग्लायडिंगचा सराव होता म्हणून गिमली नावाच्या गावी एका जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

दिवा_लोकल

मापांचा धागा आणि गिमलीचं विमान आलं नाही असं होत नाही. मी वाटच बघत होतो.

ऐरोलीनिवासी

येणारच. तुम्ही पुढच्या वेळी पेगचं नका काढू, मी विमानाचं नाही काढणार.

काका, अजून एक. पावसाळ्यात पेपरात कोयनेत इतके टीएमसी, मोरबे इतकं भरलं, अमुक हजार क्युसेक विसर्ग. हे लिटरमध्ये कसं डोक्यात बसवायचं?

तलावपाळी

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक घनफूट २८.३२ लिटर, तेव्हा एक टीएमसी २,८३२ कोटी लिटर. आमचं नवी मुंबईचं मोरबे १९०.८९ दशलक्ष घनमीटरचं, म्हणजे पावणेसात टीएमसीला किंचित कमी. कोयना १०५ टीएमसी.

क्युसेक हा वेग आहे, साठा नाही. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटर, साधारण दीड बादली. दिवसभर एक क्युसेक वाहिला तर साडेचोवीस लाख लिटर होतात. दिवसभर साडेअकरा हजार क्युसेक सोडले की एक टीएमसी गेला, एवढं लक्षात ठेवा, बातमी वाचता येईल. 'धरणात ५०,००० क्युसेक पाणी आहे' असं कोणी लिहिलं तर पेपर बाजूला ठेवा.

वाशीकर_सेक्टर_नऊ

मोरबेचं नाव निघालं म्हणून लिहितो. मोरबेच्या पाण्याला आरओ लागतोच कशाला? धरणाचं पाणी, क्षार मुळातच कमी. अर्ध्याहून जास्त पाणी मोरीत वाया घालवून उरलेल्यातले क्षारही काढून टाकायचे! साधा युव्ही पुरतो. ७५ गॅलन आणि ८० गॅलन मोजत बसलेत.

तळोजा_सेकंड_शिफ्ट

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं साहेब, बोअरचं. एकदा चहा करून बघा. सगळ्यांच्या नळाला मोरबे नाही.

वाशीकर_सेक्टर_नऊ

बोअरचं असेल तर बोलणं खुंटलं. ज्यांच्याकडे धरणाचं येतं त्यांच्यापुरतं म्हणालो.

सेवानिवृत्त_परिचारिका

नौपाडेकर, टाकी धुतल्यावर ब्लीचिंग पावडर घालणार असाल तर लिटरचा आकडा तिथेही लागतो. पिण्याच्या पाण्याला १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची, ३३ टक्के क्लोरीनवाली पावडर, हे आम्ही आयुष्यभर वापरलेलं प्रमाण. खालच्या टाकीला खजिनदारांच्या आकड्याने ९५ ग्रॅम येतील, काकांच्या आकड्याने ११३. जीव जाण्यासारखा फरक नाही, पण कमी पडलं तर घातल्यासारखं करून उपयोग काय?

पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं ओता. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) करा, पाणी पिवळं दिसलं पाहिजे. गोणी उघडी राहिलेली असेल तर पावडरची शक्ती गेलेली असते, मग ग्रॅमचा हिशेब कितीही अचूक करा.

स्तंभ_आणि_तुळई

मी स्ट्रक्चरल ऑडिट करतो. एक सुचवतो. नकाशातला गॅलन कोणाचा हे काकांनी छान सोडवलं. पण नकाशात जे आहे तेच गच्चीवर आहे हे कशावरून? दर वॉटरप्रूफिंगला आतून प्लास्टरचा नवा थर चढतो, वर टाइल्स बसवतात. ओव्हरफ्लोचा पाइप बऱ्याचदा नकाशातल्या पातळीच्या खाली काढलेला असतो. टाकी रिकामी होईल तेव्हा आतून टेप लावा. मीटरमध्ये लांबी, रुंदी, आणि तळापासून ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत उंची. गुणाकाराला हजाराने गुणलं की लिटर. गॅलन मध्ये आणूच नका.

वजनाचाही विचार करा. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन गॅलनांमधला फरक गच्चीतल्या टाकीत ३,८०० लिटर होतो, म्हणजे कॉलमच्या डोक्यावर पावणेचार टन आहे की नाही एवढा. इमारत ३० वर्षांच्या वर असेल तर ऑडिट सक्तीचंच आहे, तेव्हा हा आकडा तुम्हाला विचारला जाईल.

नौपाडेकर

सगळ्यांचे आभार. काल पाणी सोडून दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या, मी आणि खजिनदार दोघे टेप घेऊन उतरलो (खालच्या टाकीत उतरण्याआधी झाकणं उघडून बराच वेळ हवा खेळू दिली, कंत्राटदाराने त्याशिवाय कोणाला उतरूच दिलं नाही).

गच्चीतली: ४.८० × २.९८ मीटर, ओव्हरफ्लोपर्यंत उंची १.४७. म्हणजे २१,००० लिटर.

खालची: ६.०५ × ४.८३, बॉलकॉक बंद होतो तिथपर्यंत १.४०. म्हणजे ४०,९०० लिटर.

एकूण ६२,००० च्या आत-बाहेर. खजिनदारांचे ५७ नाहीत आणि कंत्राटदाराचे ६८ पण नाहीत. कंत्राटदाराने टेपवरचे आकडे स्वतः वाचले आणि ६२ वर कोटेशन बदलून दिलं.

दिवा_लोकल

५७ आणि ६८ च्या बरोबर मध्ये साडेबासष्ट येतात. टेप लावली नसती तरी कमिटीने रविवारी दोन तास भांडून तिथेच तोडगा काढला असता.

तलावपाळी

खरं आहे. पण मग पुढच्या वर्षी परत भांडावं लागलं असतं.

नौपाडेकर, मोजमाप मिनिट्सबुकात मीटरसकट लिहा, नुसते लिटर नकोत. पुढच्या कमिटीला कळायला हवं की आकडा कुठून आला.

नौपाडेकर

लिहितो काका. एक शेवटचा प्रश्न, स्तंभ_आणि_तुळई यांना. मीटिंगमध्ये सूचना येणार आहे की ओव्हरफ्लोचा पाइप वर सरकवून नकाशातली पूर्ण खोली मिळवावी. मे महिन्यात पाणी कमी पडतं, तेवढाच आधार. करावं का?

स्तंभ_आणि_तुळई

ऑडिटच्या आधी अजिबात नको. तुमच्या टाकीचा तळ १४.३ चौरस मीटरचा आहे, म्हणजे पाइप प्रत्येक १० सेंटीमीटर वर घेतला की जवळजवळ दीड टन वाढतो. पाच सेंटीमीटरच घेणार असलात तरी ७०० किलो, आणि त्यातून मिळणार ७०० लिटर. चार मजली इमारतीला ते एक वेळच्या आंघोळीलाही पुरायचे नाहीत. त्यापेक्षा खालच्या टाकीत बॉलकॉक वर घ्या. ती जमिनीत आहे, तिच्या वजनाची काळजी नाही, आणि तिथे १० सेंटीमीटरला २,९०० लिटर मिळतात.

नौपाडेकर

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बॉलकॉकसाठी प्लंबरला उद्याच बोलावतो.